नगर, मोखा आणि एक काळी बाटली

नगर पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा तीन गोष्टी पाहून परततो : किल्ला, चांदबिबीचा महाल या नांवानें ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर, आणि अलीकडे लष्करानें मांडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय. उरलेला वेळ शिर्डी आणि शनिशिंगणापूर या दोन ठिकाणीं जातो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानें वसविलेलें हें शहर २०२४ सालीं सरकारदफ्तरीं अहिल्यानगर झालें. अहिल्यादेवींचें जन्मस्थान चौंडी हें याच जिल्ह्यांतलें, तेव्हां नांव उपरें नाहीं. तथापि आमच्या घरीं अजून 'नगरास जातों' असेंच तोंडीं येतें, आणि या लेखांतही तेंच ठेवितों.

या खेपेस मी नगराकडे पाहिलें तें मात्र एका निराळ्याच वाटेनें. ती वाट कॉफीची. वाचक विचारतील कीं, नगरचा आणि कॉफीचा संबंध काय? नगरकर चहाचे भक्त. कॉफी ही आमच्यासारख्या घरांतून उपासाच्या दिवशीं जायफळ घालून, भरपूर दुधांत उकळून होणारी वस्तु. पण नगरच्या इतिहासांतील सर्वांत कर्तबगार पुरुष ज्या देशांतून आला, तो देश म्हणजे कॉफीचें माहेर. मलिक अंबर हबसाणांत जन्मला, लहानपणींच गुलाम झाला, आणि तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरांत विकला गेला, असें त्याला पुढें प्रत्यक्ष भेटलेल्या एका डच व्यापाऱ्यानें लिहून ठेविलें आहे. बगदादमार्गें तो दख्खनेंत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशीच होता, त्यानें त्याला विकत घेतलें. विकत घेतलेला हा गुलाम पुढें त्याच दौलतीचा आधारस्तंभ झाला, आणि १६२६ सालीं मरेपर्यंत त्यानें मोंगलांना दख्खनेंत सुखानें झोपूं दिलें नाहीं.

आतां गंमत अशी कीं, ज्या डच व्यापाऱ्याचा मीं वर उल्लेख केला, त्याचें नांव पीटर व्हान डेन ब्रुके. हा गृहस्थ दख्खनेंतून प्रवास करीत असतां १६१७ मध्यें मलिक अंबरास भेटला. त्यापूर्वीं तो मोख्यास राहून आला होता, आणि कॉफी हें काळें, ऊन पेय चाखून त्याची नोंद करणाऱ्या पहिल्या डचांत त्याची गणना होते. म्हणजे मोख्याचा गुलामबाजार आणि मोख्याची कॉफी या दोहोंचा धागा एका माणसाच्या रोजनिशींत जुळलेला आहे. जगभर कॉफीच्या डब्यांवर आज 'मोखा' अथवा 'मोका' हें नांव झळकतें. तें वाचतांना मला आतां नगर आठवतें.

अंबराचें खरें स्मारक पाहावयाचें तर खुलताबादची कबर बाजूस ठेवून नगरजवळच्या भातवडीस जावें. १६२४ सालीं मोंगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा अंगावर आल्या असतां अंबरानें येथील तळ्याचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलांत बुडविली. शहाजीराजे या लढाईंत अंबराच्या बाजूनें लढले, आणि त्यांचे धाकटे बंधु शरीफजी येथेंच पडले. मी गेलों तेव्हां माघ महिना होता. कांठावर दोन मुलें म्हशी धूत होतीं आणि पलीकडे ज्वारी हुरड्यास आली होती. एवढी मोठी लढाई जेथें झाली, तेथें तिची खूण म्हणून पाण्याशिवाय कांहींच डोळ्यांत भरत नाहीं. मला तें बरें वाटलें.

किल्ल्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे, म्हणून मी दोनच गोष्टी सांगतों. १८०३ च्या ऑगस्टमध्यें शिंद्यांच्या ताब्यांतील हा किल्ला जनरल वेलस्ली यानें घेतला. ८ तारखेस पेठ पडली, १२ तारखेस किल्ला. हाच पुढें नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याचा जन्म १७६९ सालीं डब्लिन शहरांत झाला. आणि त्याच डब्लिनांत त्याच्या जन्मापूर्वीं दहाच वर्षें, १७५९ सालीं, आर्थर गिनेस नांवाच्या गृहस्थानें एक जुनी मद्यशाळा नऊ हजार वर्षांच्या भाडेपट्ट्यानें घेतली होती. गिनेसची काळी बिअर आज साऱ्या जगांत जाते. 

दुसरी गोष्ट मौलाना आझादांची. १९४२ च्या ऑगस्टांत मुंबईस पकडलेल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांना येथें आणून ठेविलें होतें. पंडित नेहरूंनीं येथें 'भारताचा शोध' लिहिला, हें शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतें. पण आझादांनीं येथेंच लिहिलेल्या, आणि त्या वेळीं टपालांत न पडलेल्या, पत्रांचें 'गुबारे-खातिर' हें पुस्तक मराठी घरांत फारसें वाचलें जात नाहीं. त्यांत चहावर कित्येक पानें आहेत. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठून मौलाना आपला चिनी चहा स्वतः करीत, दुधाचा थेंब न घालतां, आणि दूध घालणाऱ्या जगाविषयीं मोठ्या विनोदानें हळहळत. चहा प्यावयाचा तर चहाची चव घ्यावी, दुधाची नव्हे, हा त्यांचा आग्रह. ज्या माणसाचें राज्यकर्त्यांशीं झुंजण्यांत आयुष्य गेलें, त्यानें तुरुंगांत एका पेल्याच्या चवीबद्दल इतक्या बारकाईनें लिहावें, यांत मला कांहीं हलकें वाटत नाहीं. चव ओळखणें हीही एक विद्याच आहे.

हें सर्व मी सांगतों आहें तें एका बाटलीच्या निमित्तानें. माझी थोरली बहीण नगरास जुन्या पेठेंत एका वाड्यांत राहते. तिचा धाकटा मुलगा शिकागोस नोकरीला असतो. तो रजेवर आला होता, आणि येतांना त्यानें एक काळी, जाड काचेची, बुचावर लाख ओतलेली बाटली आणली होती. ती त्यानें माझ्यासाठीं आणली होती, हें ऐकून मी चपापलों. आयुष्याचीं साठ वर्षें उलटलीं, मद्याला मीं कधीं शिवलों नाहीं, हें त्याला चांगलें ठाऊक. पण आमच्या घरीं कॉफी भाजण्याचें काम माझ्याकडे आहे, हेंही त्याला ठाऊक. चिकमगळूरच्या कच्च्या बिया मागवून मी त्या लोखंडी कढईंत भाजतों. बी पहिल्यांदा तडतडते तेव्हां कोठें आणि दुसऱ्यांदा तडतडते तेव्हां कोठें थांबावें, यावरून घरांत वाद होतात, आणि निवाडा माझाच चालतो.

"मामा," तो म्हणाला, "हिच्यांत कॉफी आहे. बिअर आहे खरी, पण सातूची, भाजलेल्या सातूची, आणि वर कॉफी. शिवाय वर्षभर लांकडी पिंपांत मुरलेली. तिच्यांतली कॉफी तुम्हांला सांपडते का, एवढेंच मला पाहायचें आहे."

घरांत जी चर्चा झाली, ती सांगण्यासारखी आहे. अक्काचे दीर तात्या हे जुने वकील. त्यांनीं प्रथम धर्मशास्त्र काढलें. मनुस्मृतींत सुरा तीन प्रकारची सांगितली आहे : गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी, आणि मोहाची किंवा मधाची ती माध्वी, आणि तिन्ही ब्राह्मणास वर्ज्य. "ही तुझी बाटली म्हणजे शुद्ध पैष्टी," तात्या म्हणाले, "वर कॉफी ओतली म्हणून तिची जात बदलत नाहीं." मग त्यांनीं कायदा काढला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अद्याप पुस्तकांत आहे, आणि त्याप्रमाणें महाराष्ट्रांत मद्य बाळगणाऱ्यास व पिणाऱ्यास परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना चार-दोन रुपयांत मिळतो. तो मागण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं, ही गोष्ट वेगळी. "धर्मशास्त्राचें काय करायचें तें मामा-भाचे ठरवा," तात्या म्हणाले, "पण माझ्या वाड्यांत बेकायदा कांहीं व्हायचें नाहीं." भाच्यानें दुसऱ्या दिवशीं दोन परवाने आणून तात्यांच्या पुढें ठेविले. तात्यांनीं चष्मा लावून ते वाचले, आणि मान हलविली.

अक्का यांत बोलली नव्हती. ती शेवटीं एवढेंच म्हणाली, "स्वयंपाकघरांत नाहीं, देवघराच्या बाजूस नाहीं. गच्चीवर बसा. आणि बाटली दुसऱ्या दिवशीं घरांत दिसतां कामा नये." या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला मागाहून कळला.

या पेयास इंग्रजींत 'स्टाउट' म्हणतात. त्याची कूळकथा मनोरंजक आहे. अठराव्या शतकांत लंडनचे हमाल, ज्यांना तेथें पोर्टर म्हणत, एक गडद रंगाची बिअर पीत. तिलाच पोर्टर हें नांव पडलें, आणि तिच्यांतील जी जास्त कडक ती स्टाउट. एकोणिसाव्या शतकांत हीच पोर्टर पिंपेंच्या पिंपें भरून हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांसाठीं येई. साहेबलोक फिकी बिअर पीत, तिची कीर्ति झाली; पण पलटणीच्या शिपायांसाठीं सरकार मक्त्यानें मागवी ती मुख्यतः काळी पोर्टर. नगरसारख्या मोठ्या छावण्या त्या जिन्नसाच्या ठरलेल्या गिऱ्हाईक. तेव्हां भाच्याची बाटली नगरास अगदींच अनोळखी होती, असें म्हणतां येणार नाहीं.

आणखी एक मौज. या बिअरचा काळा रंग ज्या भाजलेल्या सातूंमुळें येतो, ते सातू न जाळतां काळे करण्याची युक्ति १८१७ सालीं डॅनियल व्हीलर नांवाच्या इंग्रजानें काढली. आणि त्याचें यंत्र म्हणजे फिरतें लोखंडी नळकांडें, कॉफी भाजण्याच्या नळकांड्याचाच भाऊ. म्हणजे कॉफी पेल्यांत पडण्यापूर्वीं दोनशें वर्षें कॉफीची रीत या बिअरमध्यें शिरलेली होती. कढई हलवून हलवून खांदे दुखविणाऱ्या मला त्या नळकांड्याचा हेवा वाटला.

सातूंना आधीं मोड आणतात, मग ते वाळवितात व भाजतात, हें भाचा सांगूं लागतांच अक्काची सून म्हणाली, "म्हणजे नाचणीच्या सत्त्वासारखेंच कीं!" अगदीं तसेंच. दाण्याला मोड आला म्हणजे त्यांतील पिठाची साखर होऊं लागते, ही गोष्ट आपल्या घरांतील बायका रसायनशास्त्र न शिकतां पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आल्या आहेत. फरक पुढें पडतो. आपण तें पीठ दुधांत शिजवून तान्ह्या मुलाला देतों. ते लोक त्याचें गोड पाणी काढून, त्यांत हॉप्स नांवाच्या वेलीचीं कडू फुलें उकळून, यीस्ट घालून आंबवितात. (हॉप्सचा वेल हा गांजाच्या कुळांतला, हें ऐकून तात्या गच्चीच्या दारांतून म्हणाले, "मला वाटलेंच!")

पिंपाची कथा निराळीच. अमेरिकेंत बर्बन नांवाची मक्याची व्हिस्की होते. तिच्यासाठीं ओक लांकडाचें, आंतून जाळून कोळसा केलेलें, कोरें करकरीत पात्रच वापरलें पाहिजे, असा तेथील कायदा आहे. एकदां वापरलेलें पिंप त्या धंद्यास निरुपयोगी. पण सुमारें दोनशें लिटरच्या त्या पिंपाच्या लांकडांत व्हिस्की मुरलेली असते. शिकागोच्या गूस आयलंड नांवाच्या मद्यशाळेनें १९९० नंतरच्या दशकांत अशा टाकाऊ पिंपांत काळी बिअर महिनोन्‌महिने ठेवून पाहिली, आणि तेथून ही रीत पसरली. जळलेल्या लांकडांतून व्हॅनिलाचा वास उतरतो, खुद्द ओकांतून नारळासारखा वास उतरतो, आणि फटींतून शिरणारी थोडी हवा कडवटपणाची धार बोथट करते. कॉफी मात्र पिंपांत घालीत नाहींत. ती बहुधा शेवटीं, थंड पाण्यांत भिजवून काढलेल्या अर्काच्या रूपानें मिसळतात. कारण कॉफीचा सुवास पाहुण्यासारखा असतो. फार दिवस ठेवून घेतला तर तो तसा राहत नाहीं.

आपल्याकडे असें कांहीं होत नाहीं का? २००९ सालीं पुण्यांत डूलाली नांवाची लहान मद्यशाळा निघाली, ती देशांतील अशा पहिल्या कांहींपैकीं एक. हें नांव म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचा इंग्रजी अपभ्रंश. मायदेशीं जाण्याच्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणींत कंटाळून गेलेल्या गोऱ्या सोल्जरांचीं डोकीं फिरत, म्हणून इंग्रजींत त्या शब्दाचा अर्थच 'चक्रम' असा झाला. पण वर्षभर पिंपांत मुरविणें हें उष्ण देशांत महागाचें काम. स्कॉटलंडांत पिंपांतून वर्षाला शेंकडा दोन भाग उडून जातात. बंगळुरूच्या व्हिस्कीवाल्यांचा अनुभव शेंकडा दहाच्या घरांत आहे. उडून जाणाऱ्या या भागाला ते लोक देवदूतांचा वांटा म्हणतात. नगरच्या उन्हाळ्यांत देवदूतांची चंगळ होईल.

आतां प्रत्यक्ष चव. बाटली थोडी गार, पण बर्फासारखी थंड नव्हे. भाच्यानें लाख खरवडली, बूच काढलें, आणि दोन लहान पेल्यांत तीन-तीन बोटें ओतली. रंग काळा म्हणजे काळाच. दिव्यापुढें धरला तरी कडेलाच काय ती तांबूस झांक. फेंस साखर करपवल्यावर होतो त्या रंगाचा, आणि लवकर बसणारा. मीं पेला बराच वेळ नाकाशीं धरला. पहिला वास कॉफीचाच आला, पण नुकत्या दळलेल्या कॉफीचा नव्हे; आठ दिवसांपूर्वीं दळून डब्यांत ठेवलेल्या कॉफीचा. तिच्यामागून काकवी. त्यामागून कांहीं तरी ओळखीचें, पण जिभेवर नांव येईना. अक्का वाळत घातलेले कपडे काढावयास गच्चीवर आली होती, तिला म्हटलें, "अक्का, नुसता वास घेऊन सांग." ती क्षणभर थबकली, पेल्यावर किंचित् वांकली, आणि म्हणाली, "नारळाच्या वड्या पातेल्याला लागल्या म्हणजे असाच वास येतो." ओकाच्या लांकडाचा नारळासारखा वास तिनें अमेरिकेचें नांवही न घेतां अचूक पकडला होता. भाचा आ वासून पाहत राहिला.

मीं दोन घोट घेतले. घोट म्हणण्यापेक्षां चमचे म्हणावे. जीभ प्रथम गोडावली, मग कडवट झाली, मग घशांत ऊब पसरली. ती ऊब मला परकी होती आणि मला ती आवडली नाहीं, हें स्पष्ट सांगतों. बाटलीवर शेंकडा बारा भाग मद्यार्क असें छापलें होतें. साध्या बिअरच्या दुपटीहून अधिक. कॉफीची आंबट-कडू धार, जिच्यासाठीं मी कढईपुढें घाम गाळतों, ती पिंपाच्या गोडीखालीं दबून गेली होती. भाच्याला मीं सांगितलें, "तुझ्या पेयाचें नाक फार मोठें आहे, जीभ तेवढी नाहीं. कॉफी दाराशीं भेटते, आंत गेल्यावर सांपडत नाहीं." तो हंसला, पण रागावला नाहीं, त्याचें स्वतःचें मतही फारसें निराळें नसावें. कारण त्यानें आपला पेला पुन्हां नाकाशीं नेला, ओठांशीं नव्हे. कारागिरी मात्र मानली पाहिजे. एका घोटांत सातू, आग, लांकूड आणि काळ यांचे चार निरनिराळे कडवटपणे ओळखतां येतात, ही लहानसहान गोष्ट नाहीं. उरलेली बाटली त्यानें बरीचशी मोरींत ओतली. मींही त्याला थांबविलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं धुणें-भांडीं करावयास येणाऱ्या बाई गच्ची झाडण्यास वर गेल्या. बाटली भाच्यानें कागदांत गुंडाळून आपल्या पेटींत ठेविली होती, पण दोन पेले कठड्यावर तसेच राहिले होते. बाई ते घेऊन खालीं आल्या, मोरीपाशीं उभ्या राहिल्या, आणि पेला न विसळतां त्यांनीं अक्काला विचारलें, "आक्का, ह्या घरांत बी?" अक्कानें कांहीं उत्तर दिलें नाहीं, तिनें पेले त्यांच्या हातून घेतले आणि स्वतः विसळले. मागाहून मला तिनें सांगितलें, कीं या बाईंचा धाकटा भाऊ हातभट्टीच्या दारूनें गेला, आणि नवरा त्याच वाटेवर आहे. अठरा वर्षें त्या या घरीं येतात. मार खाऊन पळून आल्या तेव्हां पुष्कळदां त्या याच वाड्यांत निजल्या आहेत, कारण येथें त्या वासाची भीति नव्हती.

नगर जिल्ह्यांत ही गोष्ट एका घरापुरती नाहीं. २०१७ च्या फेब्रुवारींत जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या वेळीं पांगरमल येथें जेवणावळींत विषारी दारू पिऊन कित्येक माणसें दगावलीं. याच जिल्ह्यांतल्या पारनेर तालुक्यांत राळेगणसिद्धीच्या गांवकऱ्यांनीं अण्णा हजारे यांच्या प्रेरणेनें गांवच्या भट्ट्या बंद केल्या. दारुड्यांना खांबाला बांधून मारण्याच्या त्यांच्या रीतीविषयीं मतभेद होतील, पण भट्ट्या बंद झाल्या हें खरें. आणि महाराष्ट्राच्या नियमांत अशी सोय आहे कीं, गांवांतील एक चतुर्थांश स्त्रियांनीं मागणी केली तर दुकानासाठीं मतदान घ्यावें लागतें. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून अधिक मतें पडलीं तर दुकान बंद. नगर जिल्ह्यांतल्या बायका या चित्राचा अर्थ कोणाला विचारीत नाहींत. भाच्याच्या लाख लावलेल्या बाटलीला आणि हातभट्टीच्या फुग्याला एकाच पारड्यांत घालणें शास्त्रीय दृष्ट्या चूक आहे, असें तो मला गाडींत बराच वेळ समजावीत होता. तें मला समजत होतें. पण मोरीपाशीं उभ्या असलेल्या त्या बाईंना तें समजावण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं, आणि मलाही नाहीं.

गाडीनें आम्ही उत्तरेकडे चाललों होतों, राहुरीवरून लोणीकडे. नगरचा कोरडा, खडकाळ माळ मागें पडला कीं हा जिल्हा एकाएकीं हिरवा होतो. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, कालवे निघाले, आणि कालव्यांच्या मागोमाग ऊंस आला. हरेगांवास बेलापूर कंपनीचा मोठा कारखाना चाले. तो आतां बंद पडला आहे. श्रीरामपूरजवळ महादेव डहाणूकरांनीं १९३३ सालीं साखरेची कंपनी काढली, तेंच टिळकनगर. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें १९५० सालीं शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचा प्रवरा कारखाना सुरू झाला, आणि साऱ्या महाराष्ट्राच्या राजकारणाचें तोंड त्यानें फिरविलें. गळिताचा हंगाम चालू होता. रस्त्यानें ऊंसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि हवेंत मळीचा जड, गोड-आंबट वास.

साखर काढून घेतल्यावर जो काळा पाक उरतो, ती मळी. मळी आंबवून तिचा मद्यार्क काढतात. टिळकनगरची कंपनी आज साखरेसाठीं नव्हे तर ब्रँडीसाठीं देशभर ओळखली जाते. मॅन्शन हाऊस हें तिचें नांव दक्षिणेंत घरोघर नाहीं तरी दुकानोदुकानीं आहे. अलीकडे मळीचा पुष्कळसा मद्यार्क पेट्रोलांत मिसळण्याकडे जातो. तात्यांचा शब्द वापरावयाचा तर जिल्ह्याची गौडी आतां मोटारी पितात. आणि आमच्या गाडीनेंही ती त्या दिवशीं थोडी प्यालीच असेल. भाच्यानें खिडकीची कांच खालीं केली, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "मामा, कालच्या पेल्यांतला हाच वास." तो खरा होता. शिकागोच्या माणसांनीं वर्षभर पिंपांत मुरवून जो काकवीचा गंध आणला होता, तो येथें चार मैल वाऱ्यावर फुकट पसरला होता.

अक्कानें काकवी आणावयास सांगितली होती. श्रीरामपुराअलीकडे एका गुऱ्हाळावर थांबलों. चुलाण्यावरची काहील नुकतीच उतरली होती. चिपाडाचा धूर, फेंस काढणारा पोऱ्या, आणि गुळव्या हातावर पाक घेऊन त्याची तार पाहत होता. अक्कासाठीं एक डबा भरून घेतला. भाच्यालाही काकवी परदेशीं न्यावीशी वाटली, पण भांडें नव्हतें. त्यानें पेटींतून ती काळी बाटली काढली. गुळव्यानें बुचाशीं नाक नेलें, भाच्याकडे नीट पाहिलें, आणि म्हणाला, "ही आधीं कढत पाण्यानं तीनदां धुवा, मंग भरतो." तीनदां धुतली. कढत पाण्यानें तिच्यांतून कॉफीचा वास असा कांहीं उसळला, कीं गच्चीवर मला जो सांपडला नव्हता तो तेथें, गुऱ्हाळाच्या धुरांत, क्षणभर स्पष्ट आला. मग गुळव्यानें फडकें लावून काकवी भरली, बूच ठोकलें, आणि बाटलीचे पैसे घेतले नाहींत, काकवीचे घेतले.